लोंगहोल्मेन : स्टॉकहोमच्या जुन्या तुरुंगात दोन रात्री

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तू मला थेट कोठडीत निजवायला नेतेस?" बुकिंग दाखवल्यावर आईनं पहिला प्रश्न हाच विचारला. जूनमध्ये आम्ही दोघी धाकट्या भावाकडे स्वीडनमधल्या उप्सालाला गेलो होतो. स्टॉकहोम नीट बघायचं तर तिथेच राहावं, म्हणून दोन रात्री लोंगहोल्मेन बेटावरच्या जुन्या तुरुंगात काढल्या. हा तुरुंग १९७५ साली बंद झाला आणि १९८९ पासून तिथे हॉटेल आहे. त्याच आवारात स्वस्तातलं हॉस्टेलही आहे. आम्ही हॉस्टेल घेतलं.

सेंट्रल स्टेशनवरून मेट्रोच्या लाल मार्गानं पाचवं स्टेशन हॉर्नस्टुल. तिथून दहा-पंधरा मिनिटं पायी. वाटेत एक अरुंद खाडी लागते, तिच्या काठाला जुन्या लाकडी होड्या ओळीनं बांधलेल्या असतात. छोटा पूल ओलांडला की शहराचा आवाज एकदम मागे पडतो. मोठ्या बॅगा मात्र आणू नका. आम्ही त्या उप्सालालाच ठेवल्या होत्या आणि खोली पाहिल्यावर ते फार बरं केलं असं वाटलं.

खोली म्हणजे खरोखरच कोठडी. एकावर एक दोन पलंग, एक टेबल, एक खुर्ची. एकीनं बॅग उघडली की दुसरीनं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. खिडकी उंचावर आणि लहान. मी खुर्चीवर चढून खिडकीच्या कोनाड्यात हात घातला, तर कोपर आत गेलं तरी बोटं काचेला लागेनात, इतकी भिंत जाड. आईनं सगळ्यात आधी दार तपासलं. दोनदा आतून उघडलं, दोनदा लावलं, मग चप्पल काढली. बाहेर आलं की मधोमध वरपर्यंत मोकळा चौक, भोवती मजल्या-मजल्यावर कठडे आणि कोठड्यांच्या दारांची ओळ. त्या चौकात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

उरलेली इमारत १८७४ ते १८८० दरम्यान बांधलेली, आणि ही कच्च्या कैद्यांची. शिक्षा झालेल्यांचा मोठा तुरुंग १९८२ मध्ये पाडला. एके काळी इथे सगळ्या मिळून पाचशेच्या आसपास कोठड्या होत्या. स्वीडनमधली शेवटची देहदंडाची शिक्षा (गिलोटिननं, म्हणजे मान उडवणाऱ्या यंत्रानं; त्या देशात ते एकदाच वापरलं गेलं) २३ नोव्हेंबर १९१० ला इथेच अमलात आली. हॉटेलमध्येच छोटं संग्रहालय आहे, ते पहिल्याच दिवशी बघा. कुठे झोपणार आहोत हे कळल्यावर खोलीकडे बघण्याची नजर बदलते, निदान आमची बदलली.

मला सगळ्यात लागलं ते त्याआधीचं. १७२४ मध्ये इथल्या एका जुन्या वाड्यात बायकांसाठी 'सूतकताई घर' सुरू झालं. भिक्षा मागणाऱ्या, घरदार नसलेल्या, कुणाच्या तरी नजरेत वाया गेलेल्या बायकांना आणून त्यांच्याकडून सक्तीनं सूत कातून घ्यायचं. हे सुमारे शंभर वर्षं चाललं. आई मुकाट्यानं ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्या लहानपणी घरात टकळी होती. येरवड्यात गांधीजी कातायचे म्हणून आपणही कातायचं, असं आजी सांगायची. आणि इथे तीच शिक्षा?" दोन तुरुंग, दोन्हीकडे सूत, आणि एवढा फरक. येरवड्यात २०२१ पासून कारागृह पर्यटन सुरू झालंय, पण पुण्यात राहून मी अजून तिथे गेलेली नाही. त्या रात्री वरच्या पलंगावर पडल्या पडल्या त्याचीच रुखरुख लागून राहिली.

आता जाणाऱ्यांसाठी. सोबत वयस्क माणसं असतील तर खालचा पलंग त्यांना मिळेल अशीच खोली घ्या. शिडी उभी असते आणि रात्री उतरताना मलाच भीती वाटत होती. स्वच्छतागृह खोलीत आहे की सामाईक, हे बुकिंग करतानाच बघा. हॉस्टेलमध्ये चादर आणि टॉवेलचे पैसे वेगळे पडू शकतात, घरून पातळ चादर नेलीत तर वाचतात. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांनी इथे राहू नये, हे मी मनापासून सांगते. दिवसा येऊन संग्रहालय बघा आणि झोपायला दुसरीकडे जा. स्वीडनमध्ये बऱ्याच दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत, त्यामुळे चालणारं कार्ड हवंच. नळाचं पाणी बिनधास्त प्या. १९ ते २५ जूनच्या दरम्यानचा शुक्रवार आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शनिवार त्यांचा मिडसमरचा सण असतो, तेव्हा बरीच दुकानं बंद असतात. खाण्याचं आधी आणून ठेवा. आमच्याकडे भावाच्या बायकोनं दिलेले थालीपीठ आणि लोणचं होतं, त्यावर एक संध्याकाळ छान निघाली.

बेटासाठी अर्धा दिवस तरी राखा. इथे पूर्वी नुसता उघडा खडक होता. कैद्यांनी बेटाभोवतीच्या सरोवरातला गाळ काढून त्यावर पसरला, म्हणून आज एवढी झाडी आहे. छोट्या लाकडी घरांच्या बागा आहेत, पोहायला किनारा आहे. दुसऱ्या सकाळी आई लवकर उठून एकटीच खाली गेली होती. मी शोधत गेले तर एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी वाकून माती चिमटीत धरून बघत होती.

"ही त्यांनी वाहिलेली," म्हणाली, आणि हात न झटकताच माझ्याबरोबर नाश्त्याला आली.