पसरणार की नाही, एवढेच सांगा

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचा, रिपोर्ट घ्यायला आलेले नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, यात सगळे लिहिले आहे, मग आजार पसरणार की नाही तेवढे सांगा ना.’ मी उत्तर टाळते असा त्यांचा समज होतो. मी सरळ उत्तर का देत नाही, हे तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

रिपोर्टमधला सर्वांत वजनदार आकडा गाठीच्या जाडीचा. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये सुचवल्याप्रमाणे ती बाह्यत्वचेच्या वरच्या भागातल्या कणमय थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्कपेशीपर्यंत मोजतात. व्रण, म्हणजे गाठीवरची बाह्यत्वचा नाहीशी होऊन झालेली जखम, असेल तर व्रणाच्या तळापासून. त्यापाठोपाठ व्रण, विभाजन होत असलेल्या पेशींची दर चौरस मिलिमीटरमधली संख्या, रक्तवाहिनीत किंवा लसवाहिनीत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळीत) शिरलेल्या पेशी आणि मुख्य गाठीपासून सुटलेले सूक्ष्म पुंजके.

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांनी टाचेवरचा काळा डाग कुरूप समजून कित्येक महिने ब्लेडने तासला होता. पंच बायोप्सीच्या, म्हणजे गोल पात्याने काढलेल्या, लहानशा तुकड्यात गाठ अगदी तळाच्या कडेला भिडलेली होती, म्हणून मी ‘जाडी किमान 1.6 मिलिमीटर’ असे लिहिले. शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण गाठ हाती आली तेव्हा तीच जाडी 4.3 भरली. मुलगा दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, ‘तुम्ही सुई लावली आणि बाबांचा आजार तिपटीने वाढला.’ बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही. खोलवरचा भाग त्या तुकड्यात आलाच नव्हता, इतकेच. ‘किमान’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला होता, तो कोणी वाचला नाही याचा राग मला आजही येतो. तरी त्याला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. व्रण आजाराचा की ब्लेडचा, हे ठरवताना मी ती स्लाइड पुन्हापुन्हा पाहिली. कडेची बाह्यत्वचा पातळ होत गेलेली होती आणि वर फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन) व न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा थर होता, म्हणून तो आजाराचा खरा व्रण धरला आणि टप्पा टी4ए (4 मिलिमीटरहून जाड, व्रण नाही) ऐवजी टी4बी (तितकीच जाड, व्रणासह) झाला. दुसऱ्या कोणी कदाचित वेगळे लिहिले असते.

पूर्वी मी ‘सर्जनना विचारा’ म्हणून विषय संपवत असे. ते तुटक होते, पण गैर होते असे आजही म्हणवत नाही, कारण हे आकडे अनेक रुग्णांच्या समूहाचा धोका सांगतात आणि समोरचा माणूस एकटाच असतो. पातळ गाठ असूनही लसग्रंथीत पोचलेला आजार मी पाहिला आहे, आणि जाड गाठीनंतर वर्षानुवर्षे ठणठणीत राहिलेले रुग्णही. मग हल्ली मी थांबून बोलते ते कशासाठी? बोलल्याने त्यांची भीती कमी होते की वाढते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. जाडी 0.8 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा व्रण असेल, तर सेंटिनल लसग्रंथीच्या, म्हणजे आजार पसरल्यास जिथे सर्वांत आधी पोचेल त्या ग्रंथीच्या, तपासणीबद्दल सर्जनशी बोला, एवढे मात्र मी प्रत्येकाला सांगते.