झिरोच्या बल्बवर कागदाचे फुगे

दिवाळीच्या माळांवर चढवायचे कागदी फुगे मी करते. ओरिगामीतला हा जुना आकार, त्याला कात्री लागत नाही की गोंद. चौकोनाचा आधी त्रिकोण, मग चारही टोकं वर, कडा मध्याशी आणि सुटी टोकं घड्यांच्या खिशांत. तळाच्या भोकातून फुंकर मारली की चपटा कागद डब्यासारखा उभा राहतो आणि त्याच भोकात एलईडीच्या माळेचा दाणा, म्हणजे इवला दिवा, बसतो.

फुग्याची बाजू कागदाच्या बरोबर पाव भरते. इंदूरच्या खजूरी बाजारात मिळणाऱ्या 20 बाय 30 इंचाच्या तावातून 10 सेंटीचे 35 चौकोन निघतात, म्हणजे अडीच सेंटीचे 35 फुगे. पतंगी कागदातून उजेड सुरेख येतो, पण खिशातली टोकं सुटतात. जाड कागदाची टोकं जागची हलत नाहीत, पण तो उजेड गिळतो. खिसे समोरच्या आणि मागच्या अंगाला येतात, तिथे थर वाढून काळपट दिसतं, म्हणून माळेवर साधी अंगं रस्त्याकडे फिरवावी लागतात. गणपतीत दमट हवेने फुगा बसतो, दिवाळीच्या कोरड्या हवेत ताठ राहतो. "कागदच तर आहे, एवढे पैसे?" असं विचारणाऱ्यांनी यातला एक तरी करून बघावा.

या वेळी रामबागेतल्या एका घराला गॅलरीसाठी मोठे 60 फुगे हवे होते. त्यासाठी 25 सेंटीचे चौकोन लागले, तावातून फक्त सहा निघतात. माळ कुठली, हे मी फोनवर विचारलं होतं. "एलईडीचीच" असं उत्तर आलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोचले, तर लायटिंगवाल्याने माझ्या फुग्यांची भोकं कात्रीने वाढवून ते रंगीत झिरो बल्बांच्या माळेवर चढवूनही टाकले होते.

झिरो नुसता नावाला. तो दहा-पंधरा वॉट ओढतो आणि त्यातल्या बहुतेक विजेची उष्णताच होते. एलईडीचा दाणा बोटाला जेमतेम कोमट लागतो. इथे सव्वासहा सेंटीच्या फुग्यात काच कागदाला टेकलेली, गरम हवेला वर वाट नाही. पहिल्या फुग्याला हात लावला, तर बोट ठेववेना. माळेचे जोड पिळून त्यावर टेप गुंडाळलेला, शेजारी तोरण, खाली पणत्या. या लोकांना दिवा लागला की काम झालं असं वाटतं, याचा मला संताप येतो.

"ताई, ही माळ आम्ही वर्षानुवर्षं लावतोय. काही होत नाही," घरचे काका म्हणाले.

"काका, आजवर ती उघडी होती. आता तुम्ही तिला कागदात कोंडलीय."

ते ऐकेनात. मी स्विच बंद करून एकेक फुगा उतरवला. महाराणी रोडवरून एलईडीची माळ आणून देते म्हटलं, पण पाहुणे यायची वेळ झाली होती आणि काका चिडले होते. गॅलरीत नुसते बल्ब लागले. उरलेले पैसे अजून आलेले नाहीत. ऐन लक्ष्मीपूजनाला मी लोकांचे दिवे उतरवते, असंही कानावर आलं.

जळालं काहीच नव्हतं, कागदावर साधा डागही नव्हता. त्यामुळे काकांना दाखवायला माझ्या हातात काही नाही आणि ते मला खोटी पाडू शकत नाहीत. हे मनातून जात नाही. आता एका तावातून एकच फुगा काढून बघतेय, 40 सेंटीच्या चौकोनाचा, वरून टोक उघडं ठेवून. त्याचं अंग 10 सेंटीचं, बल्ब मधोमध राहिला तर कागदाला लागत नाही. पण गॅलरीतल्या वाऱ्याने फुगा हलतो आणि काचेला टेकतोच, म्हणून तो अजून कुणाला दिलेला नाही.