उरेब

मॉडेल विमानाच्या प्लॅनवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. दुपारी जेवणं झाल्यावर मी तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर वरवंटा, दोन पेपरवेट आणि एक जाडा शब्दकोश ठेवला, आणि डाग दिसताच आधी बायकोवर संशय घेतला. बोटाने घासून बघितलं तर डाग छापील. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी टेबलावर मूळ कागदावर कप टेकवला, पुढे दुसऱ्या कुणीतरी तो कागद स्कॅन केला, आणि आता तो डाग आमच्या कोथरूडच्या घरी येऊन पोचलाय. शेजारी पेन्सिलीत एक बेरीज आहे : ११, ७, १४. बहुधा औंस असावेत. उत्तर ३१ लिहिलंय. ३२ हवं. गेले आठ दिवस मला त्या माणसाचं विमान शेपटीकडे जड तर झालं नाही ना, याची काळजी लागून राहिली आहे.

विमान म्हणजे ज्युनिअर ६०. इंग्लंडच्या कीलक्राफ्ट कंपनीसाठी अल्बर्ट हॅटफुल यांनी महायुद्ध संपता संपता आखलेलं, साठ इंच पंखांचं. मुळात ते सोडून द्यायचं विमान. रेडिओ वगैरे काही नाही. इंजिनात थोडंसं इंधन घालायचं, हातातून सोडायचं, इंजिन बंद पडलं की ते तरंगत खाली येणार आणि आपण शेतांतून त्याच्यामागे धावायचं. रेडिओ लोकांनी नंतर बसवला. त्यामुळे याला फारसं काही सांगावं लागत नाही. लग्नघरातल्या जुन्या आचाऱ्यासारखं आहे, मध्ये बोलायला गेलं की बिघडतं. रिमोटची स्टिक सोडून दिली की आपलं आपण सावरतं.

प्लॅन छापून आणणं हे या छंदातलं सगळ्यात मनस्ताप देणारं काम. दुकानातल्या मुलाला मी तीनदा सांगितलं होतं, 'बाबा, शंभर टक्के. एकास एक.' त्याने मान डोलावली आणि कागदात बसावं म्हणून सत्त्याण्णव टक्क्यांवर छापलं. 'काका, तीन टक्क्यांनी काय होतंय?' काय होतंय! पाच फुटांच्या पंखातले जवळजवळ दोन इंच जातात. पण ते सोडा, फळीची जाडी थोडीच तीन टक्क्यांनी कमी होते? एक अष्टमांश इंचाच्या खाचेत एक अष्टमांश इंचाची पट्टी जाईना की सगळी रात्र पॉलिश पेपर घासण्यात. दुसऱ्यांदा छापून आणला. पैसेही दुसऱ्यांदा दिले.

लेझरने कापलेले तयार भाग मिळतात, मला माहीत आहे. भेटेल तो हेच सांगतो. मी घेत नाही. बाल्साचं हलकं लाकूड हातात घेऊन, नखाने दाबून, खिडकीकडे धरून बघण्यात जी मजा आहे ती तयार डब्यात नाही. एकाच दुकानातून आणलेल्या दोन फळ्यांत एक पुठ्ठ्यासारखी टणक आणि दुसरी राजगिऱ्याच्या लाडवासारखी, हात लावला तर चुरा. बाल्सा येतो इक्वेडोरहून. वनस्पतिशास्त्रात त्याची गणती कठीण लाकडांत होते, हा एक विनोदच. आणि हे झाड आपल्या काटेसावरीच्या गोतातलं आहे. हे कळल्यापासून फाल्गुनात सावर फुलली की मी फुलांऐवजी खोडाकडे बघतो.

माझ्या विमानाला इलेक्ट्रिक मोटर आहे. स्वच्छ, गुणी आणि बिनवासाची. बिनवासाची, हीच माझी तक्रार.

कारण विमान म्हटलं की मला आधी एरंडेल आठवतं. धाकटा मामा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. सुट्टीत तो आजोळी आला की विमान उडवायचा. रेडिओचं नव्हे, तारेवरचं. मामा मैदानाच्या मधोमध, हातात मूठ, मुठीपासून दोन तारा, त्यांच्या टोकाला विमान, आणि मामा भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय. इंजिन कोलकात्याला बनणारं अरोरा. त्याला पाजायचं ते साधारण समसमान ईथर, रॉकेल आणि एरंडेल. ईथर मामा कुठून पैदा करायचा हे घरात कुणी विचारत नसे. रॉकेल आजीच्या कॅनमधून जायचं, ते मात्र आजी विचारायची. आणि एरंडेल? ते तर आम्हा मुलांच्या छातीवर दर सुट्टीत एकदा बसलेलंच असायचं. नाक दाबून, वर चहा देऊन, पोट साफ व्हावं म्हणून. तेच एरंडेल हे इंजिन बिनतक्रार पितं आणि वर ओरडत उडतं, हे बघून मला त्याच्याबद्दल जो आदर वाटला होता, तो पुढे कुठल्याच यंत्राबद्दल वाटला नाही.

मामा बोटाने पंखा मारायचा. पाच वेळा, दहा वेळा. मग एकदम फट् करून बोटावर फटका, मग शिवी, मग आजी कुठे आहे हे बघणं. सुरू झालं की सगळ्या आळीत तो वास. एकदा सातव्या का आठव्या फेरीला मामाला चक्कर आली, हात खाली गेला आणि विमान नाकावर जमिनीत. आवाज झाला तो फार बारीक, पापड मोडल्यासारखा. मामाने तुकडे रुमालात गोळा केले. एक रिब, म्हणजे पंखाची फासळी, गवतात राहिली होती, ती मला संध्याकाळी सापडली. ती मी त्याला दिली नाही. कंपासपेटीत ठेवली, आणि वर्षभर गणिताच्या तासाला कंपास उघडला की एरंडेलाचा वास यायचा.

पूर्वीच्या रेडिओवाल्यांचे हाल तर वेगळेच. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकेतल्या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओवर विमान उडवलं. त्याचं नाव गफ, आता ते स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पुढे बरीच वर्षं पुष्कळ लोकांकडे एकच बटण असायचं. विमानाच्या पोटात पिळलेला रबर. बटण दाबलं की रबर एक टप्पा सुटणार आणि सुकाणू उजवीकडे, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे मागच्या खेपेला विमान कुठे वळलं होतं हे लक्षात ठेवायचं! मी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. आणि रबराचा पीळ संपला की बटण दाबत बसा, विमान आपल्या मर्जीने पुढच्या गावाला. तरी लोक हौसेने उडवत होते.

तर प्लॅन पसरला होता तेव्हा आई काठी टेकत आली. चष्म्यातून बघत राहिली. मग म्हणाली, 'हे म्हणजे ब्लाउजचं कटिंगच की रे.'

आईने पंचवीस वर्षं घरी शिवणक्लास चालवला. आमच्या घरी वर्तमानपत्र वाचून झालं की त्याचं आयुष्य सुरू व्हायचं. पुढचा भाग, पाठ, बाही, मुंढ्याचा गोल. निळ्या पेन्सिलीने आखलेलं, टाचण्यांनी टोचलेलं. मी हा प्लॅन बोर्डावर टाचण्यांनी टोचून त्यावर काड्या चिकटवतो, ते कुठून आलंय हे मला तोवर सुचलं नव्हतं. आईने रिबच्या आकारावर बोट फिरवलं. 'शिलाईला किती सोडलंय?' मी म्हटलं, शिलाई नसते, चिकटवतात. 'तरी सोडावं,' ती म्हणाली.

पंखावर मढवायला कापड तिनेच दिलं. तिची सत्तरच्या दशकातली नायलॉनची साडी, फिकी पिवळी, बारीक फुलांची. बाजारात प्लॅस्टिकची फिल्म मिळते, इस्त्रीने बसते. पण या विमानाच्या काळात रेशीम, टिश्यू पेपर नाहीतर नायलॉनच मढवायचे. ओलं करून ताणायचं, वर डोपचे हात मारायचे, वाळलं की कापड ढोलकीसारखं बोलतं. (डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेलं एक व्हार्निश. सोसायटीच्या ग्रुपवर 'आज डोप लावतोय, वास येईल' असं लिहून मी एकदा फसलोय.)

साडीला मध्येच एका ठिकाणी रफू होता. तो चुकवायला मी उजव्या पंखाचं कापड तिरकं कापलं. चार हात दिले. सकाळी पंख उचलला तर मागच्या कडेला पीळ. टेबलावर ठेवला की एक कोपरा बोटभर वर. असा पंख लावून विमान सोडलं तर ते एकाच दिशेला गिरक्या घेत खाली येतं, त्यासाठी चक्कर येणारा मामाही लागत नाही.

आईने चिमटीत कापड धरलं. एकदाच.

'उरेब घेतलंस.'

'रफू चुकवायचा होता.'

'रफू चालतो. उभा धागा लांबीत हवा. उरेब कापड ओढ धरतं, माहितीये ना? कितीदा सांगितलंय.' मला तिने हे कधीही सांगितलेलं नाही. क्लासच्या मुलींना सांगितलं असेल. मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत असायचो.

फाडून पुन्हा मढवायचं नसेल तर एकच उपाय : वाफ. पंख वाफेवर धरायचा, उलटा पीळ द्यायचा, आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. इडलीपात्रात पाणी उकळायला ठेवलं. अडीच फुटांचा पंख, दोन टोकांना दोन माणसं हवीत, आणि बायको ऑफिसात. आई म्हणाली, 'दे इकडे.' काठी ओट्याला टेकवून ठेवली.

वाफ आली. नायलॉन आधी सैल पडलं, पिवळी फुलं जरा सुरकुतली, पुन्हा ताठ झाली. मी माझं टोक खाली पिळलं, तिने तिचं वर. हे तिला सांगावं लागलं नाही. मग गॅस बंद केला आणि आम्ही पंख धरून नुसते उभे राहिलो. तिच्या बाजूचं टोक बारीक थरथरत होतं. मला वाटलं वाफेने. वाफ विरली तरी थरथरत होतं.

'सोडू का?' तिने विचारलं.

'थांब,' मी म्हणालो. 'अजून गार व्हायचाय.'