डोंगर वाटून घेतला

शनिवार, जून. रात्रीचे साडेदहा

मुलं गाडीतच झोपली, तशीच उचलून आणली. बाबा अजून जागे आहेत, हॉलमध्ये डोंगराचा नकाशा पसरून बसलेत. आईनं गुडघ्यांना तेल चोळलं आणि कुणी विचारलं नसताना "मला काही झालेलं नाही" असं जाहीर करून झोपायला गेली. म्हणजे दिवस चांगला गेला.

आज माउंट टॅमलपायसला गेलो होतो. इथली माणसं नुसतं टॅम म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटीत, थेट पॅसिफिकच्या कडेला उभा असलेला हा डोंगर. उंची सुमारे २५७० फूट. "म्हणजे कळसुबाईच्या निम्मासुद्धा नाही," बाबांनी पुलावरच हिशेब करून टाकला. मी म्हटलं, बाबा, कळसुबाईचा पायथा मुळातच उंचावर आहे, हा समुद्रातूनच वर येतो. ते पटल्यासारखे दिसले नाहीत.

या वेळी एक गोष्ट घरूनच ठरवून निघालो होतो: सगळ्यांनी सगळं एकत्र चालायचं नाही. आपल्याकडे सहल म्हटली की सगळे मिळून, हा हट्ट असतो. मग सत्तरीची आजी सहा वर्षांच्या नातीसाठी ताटकळते, नात अकरा वर्षांच्या भावामागे धावून रडते, भाऊ वैतागतो आणि आई झालेली बाई मध्ये उभी राहून दोन्ही बाजूंना हाका मारते. 'फॅमिली फ्रेंडली' म्हणून इंटरनेटवर ज्या वाटा सांगतात त्या बहुतेक सपाट, रुंद आणि मुलांच्या दृष्टीनं भयंकर कंटाळवाण्या. टॅमची गंमत अशी की शिखराजवळपर्यंत गाडीरस्ता जातो आणि तिथून समुद्रापर्यंत पायवाटांचं जाळं आहे. त्यामुळे डोंगर वाटून घेता येतो. ज्याला जेवढा झेपेल तेवढा.

सकाळी घरून निघालो तेव्हा धुकं, पुलावर धुकं, पॅनोरॅमिक हायवेच्या वळणांवरही धुकं. आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन काही दिसायचं नाही." आणि एका वळणावर गाडी त्यातून वर आली. स्वच्छ ऊन, निळं आभाळ, आणि खाली पांढरं सपाट पसरलेलं धुकं. त्यातून शहरातल्या उंच इमारतींची फक्त टोकं वर आलेली. उन्हाळ्यात इथे हे असंच असतं: समुद्राचं पाणी थंड, आतला मुलूख तापलेला, त्यामुळे धुकं खेचलं जातं, पण वरच्या उबदार हवेचं झाकण असल्यानं ते ठरावीक उंचीपर्यंतच चढतं. खाली स्वेटर, वर टोपी. दोन्ही बरोबर ठेवावं लागतं.

बाबांना धुक्यापेक्षा गवताचं नवल वाटलं. जून महिना आणि डोंगर पिवळे पडलेले! आमच्या दापोलीकडे या दिवसांत पहिल्या सरींनी डोंगर हिरवे व्हायला लागतात. इथे पाऊस हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. "उलटंच आहे सगळं तुमच्याकडे," ते म्हणाले. हे 'तुमच्याकडे' मला जरा लागलं. असो.

ईस्ट पीक, म्हणजे पूर्वेकडच्या शिखराच्या वाहनतळावर पहिली वाटणी झाली. नवरा, थोरला आणि बाबा वर टेहळणीच्या दगडी खोलीकडे गेले. वणव्यावर नजर ठेवायला १९३०च्या दशकात बांधलेली ती खोली अगदी टोकावर आहे. वाट छोटीच, पण शेवटी खडकाळ. मी, आई आणि धाकटी शिखराला वळसा घालणाऱ्या व्हर्ना डनशी वाटेनं निघालो. जेमतेम सव्वा किलोमीटर, चढ-उतार जवळजवळ नाही, आणि एका फेरीत चारी दिशा बघून होतात: एका बाजूला खाडी आणि शहर, पुढे पूर्वेला माउंट डिआब्लो, मग उत्तरेकडच्या टेकड्या. सुरुवातीलाच शौचालय आहे. आईच्या वयाच्या माणसाला घेऊन जाताना हे नजाऱ्यापेक्षा महत्त्वाचं, आणि वाटांच्या वर्णनात हेच लिहायचं लोक विसरतात.

आईचं लक्ष नजाऱ्याकडे कमी, झुडपांकडे जास्त. एका वळणावर ती वाकली. "अगं, बेलासारखी तीन तीन पानं बघ!" मी तिचा हात धरूनच मागे ओढला. ते पॉइझन ओक. तकतकीत, तीन पानांची जुडी, काही पानं लालसर. हात लागला की दोन दिवसांनी अंगावर फोड येतात, आठवडा-दोन आठवडे खाज जात नाही. आईला हे पटेना, एवढंसं झुडूप काय करणार. मग मी तिला सांगितलं की हे आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं आहे. आंबा, काजू, बिब्बा, पॉइझन ओक, सगळे एका घरातले. आंब्याचा चीक ओठाला लागून काहींना जे उततं, त्यामागे याच जातीची तेलं असतात. त्याबरोबर तिनं पदर सावरला आणि धाकटीला आपल्या उजव्या बाजूला घेतलं. तिच्या लहानपणी गावात एकाला बिब्बा उतला होता, त्याची गोष्ट पुढची अर्धी फेरी चालली. धाकटीनं नंतर प्रत्येक झुडपाची पानं मोजली. मी 'हात लावू नकोस' म्हणून हजारदा सांगते त्यापेक्षा हे बरं झालं.

तिकडे बाबा वरून उतरले ते रागावूनच. त्यांना पलीकडचं वेस्ट पीक दिसलं होतं आणि थोरल्यानं माहितीफलक वाचून सांगितलं होतं की मुळात तेच जास्त उंच होतं. शीतयुद्धाच्या काळात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, हवाई दलानं रडारचा तळ उभारायला त्याचा माथा सपाट केला. तळ १९८०मध्ये बंद झाला. शिखर काही परत आलं नाही. "गडाचा बुरूज पाडतात ते ऐकलंय, पण डोंगराचं डोकं कापायचं?" बाबा दोनदा म्हणाले.

त्यांचा राग घालवला तो आगगाडीनं. वर एक लहानसं संग्रहालय आहे, शनिवार-रविवारी उघडतात. १८९६पासून १९३०पर्यंत पायथ्याच्या मिल व्हॅली गावाहून इथवर रेल्वे येत होती, २८१ वळणं घेत. परत जाताना काही डब्यांना इंजिनच नसायचं. माणसं बसवायची आणि उतारावर सोडून द्यायची, ब्रेकवाला सांभाळून खाली नेणार. बाबांची सारी नोकरी एस.टी.त गेली. त्यांनी ब्रेकच्या दांड्याचं इतकं बारकाईनं निरीक्षण केलं की तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी त्यांना वेगळं उभं करून सगळं समजावलं. दोघांचं इंग्रजी एकमेकांना किती कळलं देव जाणे. पंधरा मिनिटं चाललं होतं.

दशम्या, लसणीची चटणी आणि दही. बाकावर बसून जेवलो. एक निळा, तुरेवाला पक्षी (स्टेलर्स जे) दशमीचा तुकडा उचलून गेला. धाकटी खूश, आई नाही.

दुपारी, डोंगराच्या मध्यावर असलेल्या पॅनटोलला दुसरी वाटणी. नवऱ्यानं आम्हाला सोडलं आणि आईला घेऊन गाडीनं खाली स्टिन्सन बीचला गेला. बाबा, दोन्ही मुलं आणि मी स्टीप रॅव्हीनच्या घळीत उतरलो. साडेचार-पाच किलोमीटर, सुमारे १५०० फूट उतार. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी ही वाट धरू नये. बाबांचे कुरकुरत नाहीत. मुलांसाठी मात्र टॅमवर हिच्याइतकी चांगली वाट मला माहीत नाही, कारण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ ती एकसारखी राहत नाही. सुरुवातीला वळणावळणाचा उतार, मग रेडवुडच्या उंचच उंच झाडांची सावली, मग ओढा, मग पूल, मग आडवा पडलेला अजस्र बुंधा, ज्याच्या खालून वाकून जायचं.

घळीत शिरताच पुन्हा धुकं भेटलं. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत आणि इथे झाडाखाली पाऊस पडतोय. थोरल्यानं हात पुढे करून बघितलं. रेडवुडच्या बारीक पानांवर धुकं अडकतं, थेंब होतात आणि खाली टपकतात. पाऊस नसलेल्या महिन्यांत या झाडांना यातूनही पाणी मिळतं. वाटेवर पिवळ्याधमक, बोटापेक्षा लांब गोगलगायी. त्यांना बनाना स्लग म्हणतात, पाठीवर शंख नाही. धाकटीनं त्या मोजायला सुरुवात केल्यावर चालण्याची तक्रार बंद झाली.

आणि मग ती शिडी. ओढा जिथे खडकावरून खाली पडतो तिथे वाटच नाही, दहाएक फुटांची लाकडी शिडी उतरायची. बाबा आधी उतरले आणि खाली उभे राहिले. धाकटी तोंड खडकाकडे करून एकेक पायरी चाचपत उतरली. थोरला उतरला, परत चढला, परत उतरला. मागून येणारी मंडळी हसत थांबली होती.

ही घळ विल्यम केंट नावाच्या गृहस्थांची होती. १९२८मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, त्यांनी ती उद्यानासाठी देऊन टाकली. पलीकडचं प्रसिद्ध म्युअर वूड्सही त्यांचंच. एका पाणी कंपनीला तिथे धरण बांधून रेडवुडचं खोरं बुडवायचं होतं, म्हणून केंट पतिपत्नींनी ती जमीन केंद्र सरकारला दिली आणि १९०८मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. (आज तिथे गेलो नाही. पार्किंगचं आधी आरक्षण करावं लागतं, आणि एवढं करून गर्दीतच चालायचं.) बाबांना हे फार आवडलं. मग मी दुसरी बाजूही सांगितली: हेच केंट पुढे अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य झाले आणि आशियातून आलेल्यांविरुद्ध जाहीर बोलत राहिले, त्यांच्या हाती जमीन जाऊ नये अशा कायद्यांच्या बाजूनं उभे राहिले.

बाबा थोडा वेळ गप्प चालले. "मग आज आपल्याला इथे बघून काय म्हणाले असते?"

"पार्किंगचं आरक्षण दाखवा म्हणाले असते," थोरला म्हणाला.

बाबा एवढे हसले की त्यांना थांबावं लागलं. नंतर वर बघत म्हणाले, "झाडं मात्र चांगली राखली हो." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. मला त्यात अजून काही घालता आलं नाही, आताही येत नाही.

खाली आमची वाट डिप्सीच्या वाटेला मिळते. मिल व्हॅली ते स्टिन्सन अशी डिप्सी शर्यत १९०५पासून होते, हल्ली जूनमध्ये. तिचा नियम मला भारी आवडतो: वय आणि स्त्री-पुरुष बघून धावणाऱ्यांना आधी सोडतात. अगदी लहान आणि अगदी म्हाताऱ्यांना पंचवीस मिनिटांपर्यंत आघाडी. त्यामुळे २०१०मध्ये आठ वर्षांची मुलगी पहिली आली, आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही एका वर्षी जिंकलेत. हे ऐकताच धाकटीनं मागणी केली, "मला आणि आजोबांना आधी सोडा." सोडलं. समुद्र दिसेपर्यंत ती दोघं पुढे, मी आणि थोरला मागे. आम्ही त्यांना गाठलं नाही. थोरल्यानं मनापासून प्रयत्न केला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

स्टिन्सनला आई वाळूवर, नवऱ्याचं जाकीट पांघरून, मजेत बसलेली. पाणी इतकं थंड की घोटे बुडवले तरी हाडं दुखतात. तिनं बुडवले होते, दोनदा. शेजारच्या एका बाईशी खुणांनी गप्पा झाल्या होत्या, तिच्या कुत्र्याचं नाव पाठ झालं होतं. "तुम्ही काय बघितलं?" असं विचारलं, पण उत्तर न ऐकता आपलंच सांगत बसली.

निघताना वळणावर समोरून ६१ नंबरची छोटी बस आली. ती स्टिन्सनहून पॅनटोलपर्यंत वर जाते हे कळल्यावर बाबा हळहळले. आमचा ड्रायव्हर वाचला असता आणि त्यांना बसही मिळाली असती. त्या अरुंद वळणावर बसचालकानं गाडी कशी घेतली, यावर घरी येईपर्यंत भाष्य झालं. एकंदरीत पास केलंय त्यांनी त्याला.

घरी आल्यावर सगळ्यांच्या मोज्यांत, मानेवर, केसांत गोचीड बघून झाले. मिळाले नाहीत. कपडे वेगळे धुवायला टाकलेत, कारण पॉइझन ओकचं तेल कपड्यांना चिकटून राहतं आणि तिथून अंगाला लागतं. आईनं स्वतःची साडी मात्र मशीनमध्ये टाकू दिली नाही. "बिब्ब्याचं मला शिकवू नकोस," म्हणाली, आणि बाथरूममध्ये बादलीत साबण कालवून भिजत घातलीय.

बाबांचा नकाशा अजून मिटलेला नाही. आताच विचारून गेले, मिल व्हॅलीहून डिप्सीच्या सुरुवातीला म्हणे शेकडो पायऱ्या आहेत, त्या धाकटीला जमतील का. त्यांना जमतील का, हे विचारलं नाही. पुढच्या शनिवारी आई आणि मी बसनं स्टिन्सनला जाणार, असं तिनं केव्हाच ठरवून ठेवलंय.