संत अँथनींची गुहा: १२०० पायऱ्या आणि टॅक्सीचं त्रांगडं

इजिप्तच्या सहलीच्या पत्रकात ‘संत अँथनींच्या धर्मांतराची गुहा’ असं छापलं असेल तर ते धादांत चूक आहे. वाळवंटात एकांतात राहिलेले हे संन्यासी अँथनी जन्माने ख्रिस्तीच होते, त्यामुळे धर्म बदलण्याचा प्रश्नच नव्हता. बदललं ते आयुष्य, आणि तेही गुहा असलेल्या तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरात नाही, तर नाईलकाठच्या गावात.

साधारण इ.स. २५१ चा जन्म. अठरा-वीस वर्षांचे असताना आई-वडील गेले. मागे धाकटी बहीण आणि ३०० अरूरा सुपीक जमीन, म्हणजे आपल्या हिशोबाने दोनशे एकर. चर्चमध्ये बायबलमधलं मत्तय १९:२१ वाचलं जात होतं: असेल ते विकून गरिबांना दे. त्यांनी जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बाकीचं विकून पैसे वाटले, बहिणीपुरतं थोडं राखलं. पुढे ‘उद्याची चिंता करू नका’ हे वचन कानी पडलं आणि तेही वाटून बहिणीला व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवलं. हे घडलं ते गाव म्हणजे बेनी सुएफ प्रांतातलं ‘किमान अल-अरूस’ (‘किमान’ हा नावाचाच भाग) असं मानतात. प्रवासी म्हणून तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. नंतर ते वीस वर्षं एका ओसाड गढीत कोंडून घेऊन राहिले, ती पिस्पिरची जागा म्हणजे नाईलच्या पूर्व काठावरचं देर अल-मैमून. तिथे त्यांच्या नावाचं जुनं चर्च आहे. कैरोहून कुरैमात रस्त्याने येणार असाल तर तिथे थांबा. पत्रकवाले नेमकं हेच गाळतात.

आता गुहा. रोमन राजवटीने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला होता, त्या ३११ च्या काळात ते अलेक्झांड्रियाला जाऊन आले, त्यानंतर भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीला कंटाळून एका तांड्याबरोबर तीन दिवस-रात्र चालत या कोल्झुम डोंगराशी पोचले आणि ३५६ मध्ये वारले तोवर त्यांचं ठाणं इथेच. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा मठ आहे. ‘गुहा मठातच आहे’ हे ऐकून चपला घालून येणारे पुष्कळ. गुहा मठापासून दोनेक किलोमीटर, सुमारे ३०० मीटर वर, आणि पायऱ्या जवळपास १२००. पुण्याच्या पर्वतीला १०३ आहेत, तेव्हा ती लागोपाठ अकरा-बारा वेळा चढायची, तीही झाडाच्या सावलीशिवाय. पायऱ्या बांधलेल्या आहेत, पण उंची एकसारखी नाही, त्यामुळे लय बसत नाही. चढताना दम लागतो, खरी वाट लागते ती उतरताना, गुडघ्यांची. काठी असेल तर न्याच.

सकाळी आठच्या आत चढायला सुरुवात करा. माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्या. मे ते सप्टेंबर हा नाद सोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त वर वारा बोचतो, विंडचीटर लागतोच.

गुहेचं तोंड म्हणजे खडकातली चीर. सॅक, कॅमेरा, जाड जाकीट, सगळं बाहेर काढून ठेवायचं, जोडे उतरवायचे आणि आडवं होऊन खांदा पुढे घालून सरकायचं. सुमारे सात मीटरचा हा बोळ एकेरी आहे. आतला माणूस बाहेर आल्याशिवाय बाहेरचा आत जाऊ शकत नाही, आणि शुक्रवारी-शनिवारी कैरोच्या बसगाड्या आल्या की इथेच कोंडी होते. मधल्या वारी या. शेवटी छोटी खोली, वेदी, आणि खडकाच्या फटींत खोचलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या. टॉर्च हातात नको, डोक्याला बांधायचा घ्या. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी आत शिरूच नये. अर्ध्या वाटेवर घाबरलात तर मागे वळायलाही जागा नाही.

एवढं करून जावं का? हो, डोळे झाकून जावं. कोरड्या डोंगराच्या पोटातून मठात येणारा झरा बघितला की ते इथेच का थांबले हे कुणी सांगावं लागत नाही.

लुबाडणूक होते ती टॅक्सीत. मठाला तिकीट नाही, दानपेटी आहे. टॅक्सीवाला मात्र ‘अँथनी मठ’ म्हणून भाव ठरवतो आणि पोचल्यावर थांबण्याचे वेगळे, डोंगरापलीकडच्या संत पॉलच्या मठाचे वेगळे मागतो. दोन्ही मठ नकाशावर पाठीला पाठ लावून दिसतात, पण मध्ये डोंगर आहे. रस्त्याने समुद्रकाठच्या जाफराना गावाला परत यायचं, समुद्राकाठाने दक्षिणेला जायचं आणि पुन्हा आत वळायचं. म्हणून निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या: दोन्ही मठ, गुहेसाठी किमान चार तास थांबणं, परतीचं ठिकाण. डोंगरातून पायवाट आहे, पण वाटाड्याशिवाय आणि मुक्कामाच्या तयारीशिवाय नाही म्हणजे नाही.

मठात जुन्या चर्चमधली १२३२-३३ ची भित्तिचित्रं अबुनांना (मठातल्या धर्मगुरूंना) विचारून बघा. फ्लॅश नको. कपडे पूर्ण अंगभर. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या काळात पाहुण्यांना प्रवेश बंद असू शकतो, मुक्कामाची परवानगीही कैरोतूनच आधी काढावी लागते. वाटेत तपासणी नाके आहेत, मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही.

वसई-गोव्याकडच्यांसाठी एक: बाळ येशूला कडेवर घेतलेले, जूनमध्ये ज्यांचा सण करतो ते इटलीतल्या पादुआचे अँथनी. ते ११९५ चे, लिस्बनचे. त्यांनी नाव घेतलं ते या अँथनींचं. पादुआच्या अँथनींच्या नवसासाठी येणार असाल तर इटलीचं तिकीट काढा.