महिनाभर एकच पत्र

वर्षभरात बायबल वाचून काढायचा तक्ता १ जानेवारीला बऱ्याच ख्रिस्ती घरांत भिंतीवर लागतो. ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-साडेतीन. रोज तीनच्या गतीनं २५ जानेवारीला निर्गमचा पंचविसावा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: फळ्या, कड्या, पडदे, खांब. ३१ तारखेला लेवीय उघडतं. यज्ञांच्या विधींत नवखा वाचक अडकतो, चार दिवस राहून जातात, मग बारा अध्याय एका रविवारी दुपारी उरकायचे ठरतं आणि तेही होत नाही. त्या यज्ञांचा अर्थ ख्रिस्ताशी जोडून सांगणारं इब्री लोकांस पत्र नीट वाचलेल्याला लेवीय छान उलगडतं. पण ते जानेवारीच्या शेवटी, कामावरून दमून आल्यावर, कोणाच्याही मदतीशिवाय उलगडावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तो तक्ता वाचनाचा आहे, अभ्यासाचा नाही. ज्याला रोज वीस-पंचवीस मिनिटंच काढता येतात त्यानं एखादं लहान पुस्तक निवडावं आणि महिनाभर त्यातच मुक्काम करावा. सुरुवातीला फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र, सर्वांत सोयीचं. चार अध्याय, १०४ वचनं, मोठ्यानं वाचायला पंधरा ते वीस मिनिटं. यात वंशावळी नाहीत, दृष्टान्तांची कोडी नाहीत, आणि आज्ञा इतक्या रोजच्या आहेत की टाळायला जागा मिळत नाही.

सामान थोडंच लागतं. छापील बायबल, शंभर पानी वही, पेन्सिल. बायबलचा कागद पातळ असतो. पेनाची शाई मागच्या पानावर उमटते आणि हायलायटरनं तर दोन्ही पानं जातात. त्यामुळे पत्राच्या पानांची मोठी करून झेरॉक्स काढून घ्यावी आणि खुणा त्यावर कराव्यात. मोबाइलवर वाचणाऱ्यांनी तेवढा वेळ फ्लाइट मोड लावावा, नाहीतर तिसऱ्या वचनापाशी फॅमिली ग्रुपचा ‘सुप्रभात’ येतोच. बायबल सोसायटीच्या पवित्र शास्त्राची भाषा जड वाटली तर सोबत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ ठेवता येईल. तिसरं भाषांतर नको. मग वाचन कमी आणि तुलना जास्त होते.

पहिल्या दिवशी पत्र उघडूच नये. आधी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, वचन ११ ते ४० वाचावं. फिलिप्पैची मंडळी कशी उभी राहिली ते तिथं आहे. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका, त्यांतली थुवतीरा गावची जांभळं कापड विकणारी लुदिया, भविष्य सांगून धन्यांना पैसा मिळवून देणारी दासी, छड्यांचा मार खाऊन मध्यरात्री तुरुंगात गाणी गाणारे पौल आणि सीला, आणि भूकंपानंतर स्वतःचा जीव घ्यायला निघालेला तुरुंगाधिकारी. पत्र आलं ते या माणसांच्या मंडळीत. तिथं आनंद करा असं लिहिणारा पौल पुन्हा कैदेतच आहे, हे एकदा लक्षात आलं की ते वाक्य कॅलेंडरवरचं राहत नाही. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, तिथल्या लोकांना रोमी नागरिकत्वाचा मोठा अभिमान. ३:२० मध्ये (अध्याय ३, वचन २०) पौल आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यांना ते कुठं लागलं असेल, तेही कळतं. पत्र रोमहून लिहिलं की इफिसाहून यावर अभ्यासकांचे वाद आहेत. रोजच्या वाचकानं त्यात वेळ घालवू नये, अर्थ त्यावर अडत नाही.

त्यानंतरचे सहा दिवस रोज अख्खं पत्र, एका बैठकीत, मोठ्यानं. गावाहून आलेलं पत्र कोणी मधल्या ओळीपासून वाचत नाही, आणि हेही पत्रच आहे. दर दिवशी एकच गोष्ट शोधायची आणि वहीत फक्त वचनांचे क्रमांक टिपायचे. एक दिवस माणसांची नावं, एक दिवस आनंदाचे उल्लेख, एक दिवस पौलाच्या स्वतःच्या परिस्थितीबद्दलची वाक्यं, एक दिवस ख्रिस्ताबद्दल काय म्हटलंय ते, एक दिवस आज्ञा, एक दिवस प्रार्थना. अर्थ लावायची घाई नको. पहिल्या आठवड्यात टीकाग्रंथ (बायबलवरची भाष्यं), यूट्यूबवरची प्रवचनं, सगळं बंद. दुसऱ्याचं उत्तर आधी वाचलं की स्वतःचा प्रश्न सुचतच नाही.

दुसऱ्या आठवड्यात पत्राचे परिच्छेद पाडायचे. इथं बहुतेक जण अध्यायाच्या आकड्यांना फसतात. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकानं १५५१ साली छापले. ठळक अक्षरांतले मथळे तर प्रकाशकांचे. पौलानं सलग लिहिलं होतं. चौथा अध्याय ‘म्हणून’ अशा जोडानं सुरू होतो, म्हणजे स्थिर राहा ही आज्ञा तिसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या आशेवर उभी आहे. रोज एक अध्याय वाचणाऱ्याला कारण काल मिळतं आणि आज्ञा आज. तेव्हा झेरॉक्सवरचे मथळे खोडावेत आणि विषय बदलतो तिथं स्वतः रेघ मारावी. दहा ते चौदा परिच्छेद पडतात. प्रत्येकाला सहा-सात शब्दांचं नाव द्यायचं, आणि ते पौल काय सांगतोय याचं हवं. ‘प्रेरणादायी विचार’ हे नाव नव्हे. ‘आजारातून उठलेल्या एपफ्रदीताला परत पाठवतो, त्याचा मान राखा’ हे नाव.

तिसरा आठवडा खरा कामाचा. रोज दोन परिच्छेद, वहीची दोन समोरासमोरची पानं. डाव्या पानावर मजकुरात जे आहे तेवढंच: कोण, कोणाला, काय सांगतो, कारण काय देतो. उजव्या पानावर आपले प्रश्न. उदाहरणादाखल ४:२ ते ९ घेऊ, कारण यातली वचनं सगळ्यांना पाठ असतात आणि तरीही परिच्छेद म्हणून फार कमी लोकांनी वाचलेला असतो.

डाव्या पानावर काय येईल? युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचं पटत नाही. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, कोणा एकीची बाजू घेत नाही. भांडण कशावरून, हे तो लिहीत नाही. दोघींनी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर कष्ट केलेत, त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत. तिसऱ्या एका सोबत्याला तो मध्ये पडायला सांगतो. आणि हे पत्र मंडळीसमोर वाचलं जाणार होतं, म्हणजे त्या दोघीही बहुधा तिथंच बसलेल्या असणार! त्यानंतर लगेच: आनंद करा. तुमची सौम्यता सगळ्यांना कळू द्या. प्रभू समीप आहे. कशाची काळजी करू नका. प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून मागणं देवाला कळवा. मग देवाची शांती तुमची अंतःकरणं राखेल. मग आठव्या वचनातली यादी, सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध अशी. शेवटी, माझ्याकडून जे शिकलात ते करत राहा, आणि शांतीचा देव तुमच्याबरोबर राहील.

उजव्या पानावरचे प्रश्न यातूनच उठतात. सौम्यतेची आज्ञा भांडणाच्या उल्लेखानंतर का आली? शांतीचं आश्वासन प्रार्थनेला जोडलंय की मागितलेली गोष्ट मिळण्याला? सातव्या वचनात देवाची शांती आणि नवव्यात शांतीचा देव. दुसऱ्याची अट काय आहे? सहावं वचन एकटं घेतलं तर ते झोप न येणाऱ्या माणसासाठीचं औषध वाटतं. परिच्छेदात ठेवलं तर दिसतं की काळजी, बिघडलेलं नातं आणि डोक्यात सतत घोळणारे विचार हे तिन्ही पौल एकाच दमात हाताळतोय. मंडळीतल्या एका व्यक्तीशी सहा महिने बोलणं नाही आणि रोज रात्री सहावं वचन म्हणायचं, हे त्याच्या हिशेबात बसत नाही.

असाच अन्याय ४:१३ वर होतो. सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्वकाही करू शकतो, हे वचन दहावीच्या हॉल तिकिटापासून रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत सगळीकडे असतं. आधीची दोन वचनं वाचली की ‘सर्वकाही’ची हद्द कळते: तृप्त असणं आणि भुकेलं असणं, भरपूर असणं आणि टंचाईत असणं, दोन्हींत समाधानानं राहायला तो शिकला आहे. परीक्षेत यश मिळेल असं ते वचन सांगत नाही. नापास झाल्यावरही तुटून न पडण्याबद्दल मात्र ते नक्की आहे. ४:१९ मध्ये देव सर्व गरजा पुरवील असं येतं, तेही देणग्या पाठवणाऱ्या मंडळीला उद्देशून. इथं समासातले किंवा तळाचे संदर्भ उपयोगी पडतात. २ करिंथ (करिंथकरांस दुसरं पत्र) ८:१ ते ५ पाहा. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी, म्हणजे फिलिप्पै ज्या प्रांतात त्या मंडळ्यांनी, पराकाष्ठेच्या दारिद्र्यातून दिलं. वचनपेटीतून, म्हणजे सुट्या वचनांच्या पेटीतून, निघालेली चिठ्ठी हे काही सांगत नाही. संदर्भ मात्र एका बैठकीत दोनच उघडावेत. संदर्भावरून संदर्भावर उड्या मारत गेलं की अर्ध्या तासानं आपण जखऱ्याच्या पुस्तकात असतो आणि मूळ परिच्छेद विसरलेला असतो.

टीकाग्रंथ किंवा पाळकसाहेबांना विचारायचे प्रश्न या आठवड्याच्या शेवटी. २:६ ते ११ मधल्या ख्रिस्ताच्या नम्रतेच्या ओळींना इथं मदत घ्यावीच. शतकानुशतकं मोठमोठ्यांनी त्यावर लिहिलंय, स्वतःच्या हुशारीवर तिथं भिस्त ठेवू नये. तरीही पौलानं त्या ओळी कशासाठी आणल्या ते २:३ आणि ४ मध्ये सरळ आहे: तट पाडू नका, पोकळ अभिमान धरू नका, दुसऱ्याचं हित पाहा.

चौथा आठवडा आचरणाचा, आणि सर्वांत जास्त पाणी इथंच मुरतं. ‘मी अधिक प्रेमानं वागेन’ असं वहीत लिहिलं की बरं वाटतं आणि काहीच होत नाही. लिहिलेल्या ओळीत माणूस, काम आणि वेळ तिन्ही हवेत, आणि झालं की नाही हे रात्री झोपताना हो किंवा नाही असं सांगता यायला हवं. २:३-४ वरून: ‘गुरुवारी सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीला मी सोबत जाईन, दिरांना सांगणार नाही.’ ४:२ वरून: ‘जिच्याशी बोलणं बंद आहे तिच्याशी रविवारी उपासना सुटल्यावर आपण होऊन बोलेन, जुना विषय काढणार नाही.’ ४:६ साठी वहीत तीन रकाने आखावेत: काळजी, मागणं, आभार. काळजी एका ओळीत नेमकी लिहायची, ‘पैसे’ असं नाही तर ‘१५ तारखेचा हप्ता’. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो; तो भरल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं नाही. ४:८ ची यादी फॉरवर्ड करण्याआधी मेसेजला लावून पाहावी. पहिल्याच कसोटीला, म्हणजे सत्याला, निम्मे मेसेज अडतात, आणि त्यांत ख्रिस्ती ग्रुपवरचे चमत्कारांचे मेसेजही आले.

आठवड्याला आचरणाच्या दोनच ओळी. सात लिहिणारा बुधवारी वही मिटतो. आणि ओळ स्वतःसाठीच. ‘हे वचन आमच्या जाऊबाईंनी वाचायला हवं’ असं मनात आलं की ते नेमकं आपल्यासाठी आहे, असं धरून चालावं. एखादा दिवस चुकला तर तो सोडून द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. पाठांतराला ४:४ ते ९ ही सहा वचनं पुरतात, क्रमांकासह. शेवटच्या वचनापासून सुरू करून पहिल्याकडे यावं, कारण नेहमीच्या पद्धतीत सुरुवातीची वचनं घट्ट होतात आणि शेवटची कच्ची राहतात.

घरगुती प्रार्थनासभेत हेच करायचं तर सहा ते आठ माणसं बरी आणि एक तास पुरे. परिच्छेद दोनदा वाचायचा, एकदा चांगलं वाचणाऱ्यानं, एकदा आळीपाळीनं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पहिल्या वाचनानंतर काय ऐकलं ते आधी विचारायचं. ऐकून लक्षात ठेवायची सवय असलेली आजी पुष्कळदा पदवीधरापेक्षा जास्त सांगते. निम्मा वेळ मजकुरात काय आहे यावर, उरलेल्यात अर्थ आणि आचरण, शेवटी दहा मिनिटं प्रार्थना. सभा बिघडते ती चालवणाऱ्यानं उपदेश सुरू केला की. त्यानं फक्त विचारावं, ‘हे कोणत्या वचनात दिसतं?’ कोणी दुसऱ्या पंथाच्या चुकांवर घसरला तरी हाच प्रश्न कामाला येतो. चहा शेवटी ठेवावा. आधी दिला की वीस मिनिटं गेलीच.

महिना संपल्यावर याकोबाचं पत्र घ्यावं, पाच अध्याय, १०८ वचनं, त्यानंतर मार्कचं शुभवर्तमान. त्याला मात्र दोन-तीन महिने द्यावे लागतात. प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, आग्रह सभेत दर वेळी कोणीतरी धरतोच. त्याला आधी दानीएल आणि यहेज्केल वाचून यायला सांगावं.