उद्यमनगरातलं आमचं टायरचं दुकान : आमची वाटचाल

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुरू केलं ते रिसोलिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या. वेगवान गाड्यांकडे ते वळवलं मी, आणि तेव्हा गल्लीतल्या बहुतेकांनी मला वेड्यात काढलं. पण मोटार शर्यतींचा नाद या गावाला जुनाच आहे. पोलो जीटी, ऑक्टाव्हिया व्हीआरएस असल्या वेगवान गाड्या घेणारी माणसं इथंच राहतात आणि गगनबावड्याच्या धुवांधार पावसात करूळ घाट उतरणारीही तीच.

दुकान जरा स्थिरावलं आणि रस्त्याच्या पलीकडे काचेचं मोठं दुकान उभं राहिलं. नाव घेत नाही. त्यांचा सगळा धंदा एका वाक्यावर चालायचा : मोठी रिंग, रुंद टायर, गाडी रस्त्याला चिकटते. सुरुवातीच्या पोलो जीटी टीएसआयला कंपनीचं माप 185/60 आर15. म्हणजे रुंदी 185 मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिंग 15 इंची; टायरचा व्यास 603 मिमी. हे लोक तिला सर्रास 215/45 आर17 चढवायचे. व्यास गेला 625 वर, साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक. वेगाचा मीटर तेवढा मागं पडतो, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर चाकावरच्या आतल्या अस्तराला घासतो. आणि टायरची भिंत 111 मिमीवरून 97 वर येते. आपल्याकडच्या खड्ड्यात पहिला दणका बसला की भिंतीला फुगा येतो, नाहीतर रिंग वाकते. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे कोण सांगणार?

आम्ही सांगत होतो. 15 ची रिंग ठेवायची तर 195/60 घ्या, 16 ची हौस असेल तर 205/50. दोन्हींत फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. गिऱ्हाईक हसायचं आणि रस्ता ओलांडायचं. "त्यांच्याकडं जुनाट माणसं बसलीत, त्यांना स्पोर्टी काही जमत नाही," असं समोरून पसरवलं गेलं. ते शब्द मी विसरलेलो नाही. त्यांनी बसवलेल्या गाड्या 90 च्या पुढं थरथरायला लागल्या की मालक गुपचूप आमच्याकडं यायचे. बघावं तर रिंगचं मधलं भोक 73.1 मिमी, ते ज्यावर बसतं तो गाडीचा हब 57.1, आणि मधली फट भरणारी हब रिंग टाकलेलीच नसायची.

आमच्याकडं लो-प्रोफाइलसाठी, म्हणजे बुटक्या भिंतीच्या टायरसाठी, मदतीचा हात असलेलं टायर चेंजर (टायर काढ-घाल करायचं यंत्र) तेव्हापासून आहे. अलॉय रिंगला टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावायची नाही, हा इथला कायदा. बीडला, म्हणजे रिंगवर बसणाऱ्या टायरच्या कडेला, पेस्ट, बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूनं चिकटवायची, आणि बोल्ट एअर गननं आवळून मोकळं व्हायचं नाही. शेवटचा आवळा टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोराला टक् वाजणाऱ्या पान्यानं, या गाड्यांना 120 न्यूटन मीटर. रेंचचा टक् आवाज गिऱ्हाइकानं स्वतः ऐकावा, असा माझा आग्रह असतो.

मग 2020 आलं. लॉकडाऊनमध्ये शटर बंद, आणि 12 जूनला केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. आमचा निम्म्याहून जास्त माल बाहेरचा. एका वितरकाकडं आगाऊ भरलेली रक्कम अडकली. तो फोन उचलेना. बँकेचा हप्ता, पोरांचे पगार. शेवटी वडिलांचे रिसोलिंगचे साचे विकले. ते ट्रकमध्ये चढवताना वडील बाहेर आले नाहीत. समोरचे मात्र चार वर्षांपूर्वीचा माल चढ्या भावानं खपवत होते. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2216 म्हणजे 2016 चा बाविसावा आठवडा. वाचतंय कोण?

त्या काळात दुकान उभं राहिलं ते इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यामुळं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, माप 225/45 आर17. टायर झिजून नक्षीतल्या खुणेला लागलेले, आणि त्यांना हवा असलेला मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4 कुठंच मिळेना. समोरच्यानं त्यांना कमी भाराचा, कमी वेगाचा टायर "बसतोय की" म्हणून दाखवला. अण्णांनी गाडी शेडमध्ये लावली, आमच्याकडं दोन सेटचे पूर्ण पैसे ठेवले आणि म्हणाले, "मापाचा येईल तेव्हा बसव. घाई नाही." त्या पैशांतून पगार झाले. माल यायला कित्येक महिने गेले, अण्णांनी एकदाही तगादा लावला नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

ब्रँडबद्दल रोज विचारणा होते, म्हणून लिहून ठेवतो. एकाच कंपनीचे दोन टायर दोन स्वभावांचे असतात. नुसतं नाव विचारू नका. ओल्या घाटात पकड हवी तर पायलट स्पोर्ट. रोज पुण्याला ये-जा असेल तर त्याच कंपनीचा प्रायमसी, किंवा योकोहामा, काँटिनेंटलचे शांत टायर. अपोलो, एमआरएफलाही आता कमी लेखू नका. ट्रेडवेअर म्हणजे भिंतीवरचा झिजेचा आकडा. 200 चा टायर चिकट पण लवकर संपणारा, 400-500 चा लांब चालणारा. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळं दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. भारांक, म्हणजे एक टायर पेलतो त्या वजनाचा आकडा, 91 म्हणजे 615 किलो, आणि व्ही म्हणजे ताशी 240 किमीपर्यंतचा वेग. कंपनीनं दिलंय त्याच्या खाली कधीच जाऊ नका. नक्षीच्या खोलीची कायद्याची खूण 1.6 मिमीवर असली तरी आपल्या पावसाला 3 मिमी राहिले की बदला. दोनच नवे घेत असाल तर ते मागं लावा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. मागचं टोक घसरलं की सावरता येत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

समोरच्या दुकानावर गेल्या वर्षी नवा फ्लेक्स लागला : 'आधी साइज, मग ब्रँड'. हे वाक्य आमच्या आतल्या फळ्यावर त्यांचं दुकान बांधायच्या आधीपासून आहे, माझ्या वडिलांच्या अक्षरात. उद्यमनगरात कुणालाही विचारा.